तळ्याच्या बुडावर तीन आठवडे

जर्मनीहून परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, काय काय बघितलंत?" आणि मी खरं सांगायला लागलो की माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. राजवाडा एकच बघितला, तोही आगगाडीच्या खिडकीतून आणि अर्धा. बोटीची सैर झाली नाही, चॉकलेटचा कारखाना झाला नाही. मी तीन आठवडे चिखल बघितला. बागेतल्या आमच्या कट्ट्यावर निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "अहो, चिखल बघायला एवढ्या लांब कशाला गेलात? कृष्णाकाठी काय कमी पडला होता?" सगळे हसले, मीही हसलो. घरी आलो आणि ठरवलं, आता हे एकदा लिहूनच काढायचं. राजवाडे हवे असतील त्यांनी टूरवाल्यांची पत्रकं वाचावीत. ती रंगीतही असतात.

मी कोण ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चौतीस वर्षं मी सरकारी नोकरीत निचऱ्याचं काम केलं. आमच्या सांगलीकडच्या ऊसपट्ट्यात पाणी पाजून पाजून जमिनी चिबड झाल्या. चिबड म्हणजे पाणी आत मुरत नाही, बाहेरही जात नाही, मुळं गुदमरतात आणि पीक पिवळं पडतं. अशा जमिनीत चर मारायचे, पाइप पुरायचे, साचलेलं पाणी ओढ्याला लावायचं, यात माझं आयुष्य गेलं. आमची मुक्ता, एकुलती एक मुलगी, शाळेच्या सुट्टीत माझ्याबरोबर शेतांवर यायची. टेपचं दुसरं टोक धरायची आणि मी सांगेन ते आकडे वहीत लिहायची. पुढे ती मातीचंच शिकली आणि पीएच.डी.साठी जर्मनीला गेली. पोरीला मातीचं वेड माझ्यामुळे लागलं, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगत असे.

यंदा तिचं शेवटचं वर्ष. "बाबा, या उन्हाळ्यात याच, माझं शेत बघायला," म्हणाली. आमच्या हिचे गुडघे विमानात बसण्यासारखे राहिलेले नाहीत. म्हणून मी एकटाच निघालो.

म्युनिक ते रोझेनहाइम

विमानाचं वर्णन करत नाही, सगळ्यांनी ऐकलेलं आहे. म्युनिकला मुक्ता घ्यायला आली होती. वाळलेली वाटली, पण हसत होती. आगगाडीत बसल्यावर तिनं पिशवीतून ब्रेझेल काढला. हा त्यांचा वेटोळ्याचा पाव, वर खडेमीठ चिकटवलेलं. मी ते मीठ झटकायला लागलो तर म्हणाली, "बाबा, ते खायचंच असतं." मी खाल्लं आणि रोझेनहाइमपर्यंत पाणी पीत राहिलो.

रोझेनहाइमच्या अलीकडे डोंगर एकदम समोर येतात. जून लागला तरी लांबच्या माथ्यांवर बर्फ, आणि पायथ्याशी पोळपाटासारखी सपाट, हिरवीगार जमीन. आमच्याकडे असं रान बघितलं की माणूस म्हणेल, काय सोन्यासारखी शेती असेल. मला मात्र गवताचा रंग बघूनच शंका आली. मधेमधे लव्हाळ्याचे पुंजके होते. लव्हाळं उगाच येत नाही.

"ही सगळी जागा तळं होती," मुक्ता म्हणाली. "त्या डोंगरांतून बर्फाची नदी उतरायची, प्रचंड जाड. तिनं हे खोरं खरवडून काढलं. मग बर्फ वितळला आणि मागे तळं राहिलं. शेकडो वर्षं बारीक गाळ त्याच्या तळाशी बसत गेला. पुढे पाण्याला वाट फुटली, तळं रिकामं झालं, बूड उघडं पडलं. आपली गाडी त्या बुडावरून चाललीय."

"गाळ किती खोल आहे?"

"काही ठिकाणी बोअर मारणारे दमले, पण गाळ संपला नाही."

हे सांगताना तिचे डोळे असे चमकत होते की शेजारची जर्मन बाई पुस्तकातून मान वर काढून बघायला लागली. मला पोरीचं फार कौतुक वाटलं.

रविवार आणि भाकरी

शेताजवळच्या खेड्यात मुक्तानं हंगामापुरती एक खोली घेतली होती. खाली घरमालकीण, सत्तरीची, एकटी. तिथे रविवारी शांतता पाळायचा नियम आहे. भिंतीला भोकं पाडायची नाहीत, गवत कापायचं नाही, रिकाम्या बाटल्या काच गोळा करायच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुक्ता अंघोळीला गेली आणि मी सांगलीहून नेलेलं ज्वारीचं पीठ काढून भाकरी थापायला बसलो. टेबल लाकडी, थाप माझी. दुसऱ्या भाकरीला दारावर टकटक झाली.

म्हातारी हातात कॅलेंडर घेऊन उभी. रविवारच्या लाल आकड्यावर बोट ठेवून मला दाखवत होती. मी तिला पीठ दाखवलं, हात दाखवले. शेवटी मुक्ता ओल्या केसांनी आली आणि जर्मनमधून कितीतरी वेळ बोलली. म्हातारी आत आली, बसली, लोण्याबरोबर अख्खी भाकरी खाल्ली, आणि जाताना म्हणाली की सोमवार ते शनिवार कधीही थापा. मला हसू आलं. आमच्याकडे शेजारी रागावला की बोलत नाही, जेवत तर नाहीच.

मुक्ताही हसली. पण मग म्हणाली, "बाबा, इथे काही करायच्या आधी मला विचारत जा हं." मी हो म्हणालो. आयुष्यभर मी लोकांना काय करायचं ते सांगत आलो. विचारायची सवयच नव्हती.

शेत

दुसऱ्या दिवशी गमबूट घालून शेतावर गेलो. मुक्तानं गिरमिट मातीत घातलं आणि वर ओढून माझ्या पुढ्यात आडवं ठेवलं. वर वीतभर काळा, कुजकट थर. त्याखाली राखाडी-निळी माती, अगदी गणपतीच्या शाडूसारखी, मधेमधे गंजाचे तांबडे ठिपके. वास सडक्या अंड्याचा. मी चिमूट घेऊन बोटांत मळली तर लांब वळी झाली आणि तुटेना. अशी घट्ट माती मी नोकरीत क्वचित बघितली.

"यात पाणी मुरणार कसं?" मी विचारलं.

"मुरतच नाही," ती खुशीत म्हणाली.

तिथे तिचे बारा वाफे होते. प्रत्येकाला बांध, सगळ्यांभोवती कुंपण, कुंपणाला कुलूप. सहा वाफे कोरडे आणि सहांत वीतभर पाणी. पाण्यात पांढरी गोल कडी रुतवलेली, खांबांवर करड्या पेट्या. त्या पेट्या दिवसरात्र पाण्याची पातळी टिपत होत्या. कड्यांवर झाकण ठेवून ती मातीतून निघणारा वायू मोजायची. एप्रिलपासून पाणी भरून ठेवलेलं होतं आणि ऑगस्टपर्यंत तसंच ठेवायचं होतं. हे सलग तिसरं वर्ष होतं, आणि शेवटचं.

मी म्हणालो, "अगं, आम्ही पाणी काढायला शिकलो आणि तू कोंडायला शिकतेस होय?"

"आल्झो बाबा, ऐका ना." जर्मनीत गेल्यापासून ती वाक्याच्या सुरुवातीला हे आल्झो लावते, आपण 'तर' म्हणतो तसं. "इथल्या लोकांनी दोनशे वर्षं पाणी काढलं. माती कोरडी झाली, आत हवा शिरली, जुना कुजलेला थर जळाल्यासारखा हवेत उडून चालला. आता पाणी परत भरलं तर ते थांबतं का, हे मला बघायचंय. पण पाणी सलग हवं. एकदा हवा आत शिरली की मातीतले जीव बदलतात."

हे सगळं तिनं मला सांगितलं होतं. शब्द न् शब्द सांगितला होता. मी मान डोलावत होतो आणि मनात हिशेब चालला होता की निकासाचा चर कुठून काढला असता तर उतार बरोबर मिळाला असता.

योझेफ

ती जमीन योझेफची. पंचाहत्तरीचा शेतकरी, लाल गालांचा, गायी राखणारा. त्याच्या आजोबांनी त्या कुरणात भाजक्या मातीच्या नळ्या पुरून पाणी काढलं होतं. मुक्ताच्या संस्थेनं त्या नळ्यांची तोंडं बुजवली. योझेफनं परवानगी दिली होती, पण तोंडाची चव गेलेली दिसत होती.

त्यानं मला गोठ्यात नेऊन आजोबांचं फावडं दाखवलं. लांब दांड्याचं, पातं हातभर लांब आणि जेमतेम चार बोटं रुंद. नळ्यांसाठी अरुंद चर काढायचं खास हत्यार. मी ते हातात घेतलं, तोल बघितला, गोठ्यामागच्या मातीत एक घाव घातला. अशी सरळ कड निघाली की मला राहवेना, आणखी दोन घातले. योझेफ म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे बरोब्बर. मग त्यानं बिअर आणली. मी घेत नाही, मला त्यानं सफरचंदाचा रस दिला. दोघं ओंडक्यावर बसून कुरणात साचलेल्या पाण्याकडे बघत राहिलो. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. पण दोघांनाही ते पाणी सोसत नव्हतं, एवढं कळत होतं. निघताना त्यानं फावडं माझ्याबरोबर दिलं, परत जाईपर्यंत वापरा असं खुणेनं सांगून.

गुरुवार

बुधवारी मुक्ता दोन दिवसांसाठी म्युनिकला गेली. तिथे सगळ्या संशोधकांची वार्षिक बैठक होती. कुंपणाची किल्ली मला दिली. "सकाळी एक चक्कर मारा, पेट्यांवरचे हिरवे दिवे चालू आहेत ना तेवढं बघा. बाकी कशाला हात लावू नका." मी म्हणालो, "मी काय लहान आहे का?"

ती गेली आणि पाऊस लागला. डोंगरावर ढग फुटल्यासारखा आवाज येत होता. गुरुवारी सकाळी उघडला तेव्हा मी शेतावर गेलो, तर वाफे कुठले आणि बांध कुठले. पाणी वीतभरावरून गुडघ्याला आलं होतं. पांढरी कडी बुडाली होती आणि करड्या पेट्यांना पाणी चार बोटांवर आलं होतं. मी घाबरलो. पोरीची लाखमोलाची यंत्रं बुडतात की काय, तीन वर्षांचं काम वाहून जातं की काय. फोन लावला, ती बैठकीत, उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला. मग मी थांबलो नाही. सांगलीला असं पाणी बघून थांबलो असतो तर लोकांनी मला शेतात उभं केलं नसतं.

खोलीवर जाऊन फावडं आणलं. आधी बाहेरचा बांध फोडून ओढ्यापर्यंत चर काढला. मग सहाही वाफ्यांचे बांध एकेक करून त्या चराला जोडले. उतार नजरेनं धरला आणि तो चुकला नाही. पाणी असं धावलं की बघत राहावं. वरचं जादा पाणी गेल्यावर थांबायला हवं होतं, एवढं माझ्यासारख्या माणसाला कळायला हवं होतं. पण हात चालत होते. चर तळापर्यंत नेला, कडा तासल्या, वाफ्यांतली डबकी हातानं वाट करून काढली. दुपारी ऊन पडलं, काळी माती चमकायला लागली, आणि दोन दिवसांत झकास वाफसा येईल, जमीन पेरण्याजोगी होईल, असं मी मोठ्यानं म्हणालो. फार वर्षांनी अंग दुखत होतं आणि बरं वाटत होतं.

आता जे लिहितो ते आमच्या हिलासुद्धा अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. तिकडे सहाला लख्ख ऊन असतं, मी ओसरीत बसून चहा पीत होतो.

"बाबा, दोन मिस्ड कॉल होते. शेतावर सगळं ठीक ना? इथे कम्प्युटरवर पाण्याची पातळी शून्य दाखवतेय. पेट्या बिघडल्यात का पावसानं?"

मी म्हणालो, "पेट्या एकदम शाबूत आहेत. तू काळजी करू नकोस. आल्यावर बघ."

"पाणी आहे ना पण?"

"अगं, सगळं ठीक आहे म्हणतोय ना. निवांत ये."

मला तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. बापानं एकट्यानं शेत वाचवलं, हे तिनं डोळ्यांनी बघावं असं वाटत होतं. तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि पेट्यांचा दोष समजून ती थांबली. त्याच वेळी खरं सांगितलं असतं तर ती तासाभरात परत आली असती, योझेफच्या पंपानं पाणी भरलं असतं, बहुतेक निभावलं असतं. हे तिनं मला नंतर सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

शुक्रवार

शुक्रवारी दुपारी ती आली. मी कुंपणापाशी फावडं टेकून उभा होतो, पंचायतीच्या उद्घाटनाला उभं राहतात तसा. ती आत आली, पहिल्या वाफ्यापाशी थांबली, दुसऱ्यापाशी गेली, आणि मग चराच्या कडेनं ओढ्यापर्यंत चालत गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कधी केलंत?"

"काल सकाळी. यंत्रं बुडत होती गं."

"ती पाण्यात बुडायलाच बनवलेली असतात, बाबा."

एवढंच बोलली. मग खाली बसून वाफ्यातली माती हातात घेतली आणि रडायला लागली. आवाज न करता. लहानपणीसुद्धा ती मोठ्यानं रडत नसे. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिनं तो बाजूला केला नाही, पण अंग ताठ केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

योझेफ ट्रॅक्टरवरून आला, त्यानं चर बघितला आणि टोपी काढली. मग मुक्ताशी बराच वेळ बोलला. त्या भागात बीबर नावाचा प्राणी आहे, उदमांजरापेक्षा मोठा, ओढ्यात राहतो आणि वाटेल तिथे बांध फोडून चर काढतो. योझेफचं म्हणणं मुक्तानं मला मराठीत सांगितलं: बीबरनं फोडलं असं लिही, मी साक्ष देतो, असं दरवर्षी कुठेतरी होतंच. मी मुक्ताच्या तोंडाकडे बघत होतो. हो म्हण, असं मनात घोकत होतो.

"बीबर कडा तासत नाही," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मग आज मी कडा मोडून टाकतो. कोण बघायला येतंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. पूर्वी एकदा तिनं माझ्या वहीत एक आकडा अंदाजानं लिहिला होता आणि मी तिला भर उन्हात पुन्हा शेताच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं होतं. तिला ते आठवलं की नाही माहीत नाही. मला आठवलं आणि मी फावडं खाली ठेवलं.

संध्याकाळी तिनं अहवाल लिहिला. मी म्हणालो, काय लिहिलंस ते मराठीत वाचून दाखव. तिनं वाचलं, "गुरुवारी सकाळी एका अनधिकृत व्यक्तीनं सहाही वाफ्यांतलं पाणी काढून टाकलं."

"अनधिकृत व्यक्ती म्हणजे मी?"

"या. म्हणजे हो," तिच्या तोंडून आधी जर्मनच निघालं.

"बाप म्हणून लिहायचं होतंस."

"त्या फॉर्ममध्ये नात्याला जागा नाही. आणि किल्ली मीच दिली होती, हेही खाली लिहिलंय."

सोमवार

सोमवारी तिच्या प्राध्यापक मॅडम आल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, गमबूट घातलेल्या. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. त्यांनी माझा हात हातात घेतला, प्रवास कसा झाला विचारलं, आणि इंग्रजीतून म्हणाल्या की चर नेमका किती खोल होता ते सांगाल का. मी सांगितलं, बावीस सेंटिमीटर, ओढ्याकडे अठ्ठावीस. त्यांनी लिहून घेतलं. उतार विचारला, तोही सांगितला. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाची इतकी नीट नोंद कुणी घेतली नव्हती. आमच्या साहेबांकडे असं काही झालं असतं तर दोन तास आरडाओरडा, मग चहा, मग कुणाच्या तरी ओळखीनं सगळं रफादफा. इथे कुणी आवाज चढवला नाही आणि काही रफादफाही झालं नाही.

सहा वाफे बाद झाले. तिसऱ्या वर्षाचे आकडे गेले, आणि त्यांच्याशिवाय प्रबंध उभा राहत नव्हता. मॅडम म्हणाल्या, पुढच्या एप्रिलला पुन्हा पाणी भरता येईल. पण मुक्ताचा फेरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, डिसेंबरपर्यंतचा होता आणि वाढवून देणं त्यांच्या हातात नव्हतं. करार नाही तर व्हिसाही नाही.

उरलेले आठ दिवस तिनं माझ्याशी एकही वाकडा शब्द काढला नाही. चहा करून दिला, तळं दाखवायला नेलं, आईसाठी चॉकलेटं घेतली. "जेवलात का, औषध घेतलंत का," एवढंच बोलायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी फावडं योझेफला परत दिलं. त्यानं ते गोठ्यात जिथे होतं तिथे टांगलं आणि दोघांनीही त्याच्याकडे परत बघितलं नाही. विमानतळावर मुक्तानं वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं आणि "वेळेवर जेवत जा" एवढंच म्हणालो.

घरी

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला, आईला. तिनं पीएच.डी. सोडली. नेकारसुल्म नावाच्या गावात मोटारींच्या कामात नोकरी मिळाली, कम्प्युटरवर इंजिनांचे आकडे तपासायची. पगार चांगला, व्हिसाचा प्रश्न मिटला. ही आनंदानं रडली. मुक्ता म्हणाली, "बाबांना सांग, त्यांच्यामुळे काही झालं नाही, मीच कंटाळले होते." हे ती मला स्वतः सांगू शकली असती. फोन माझ्या शेजारीच होता.

बातमी कट्ट्यावर माझ्याआधी पोहोचली. हेडमास्तर म्हणाले, "वा, पोरगी मोटारीच्या कंपनीत लागली, पेढे कुठायत?" दुसऱ्या दिवशी मी अर्धा किलो पेढे घेऊन गेलो. सगळ्यांनी घेतले. हेडमास्तरांनी दुसरा पेढा उचलला आणि म्हणाले, "बरं झालं बघा, त्या चिखलातनं पोर एकदाची बाहेर पडली. तुम्ही जाऊन आलात, काहीतरी केलंत म्हणूनच हे झालं."

मी म्हणालो, "हो, मीच केलं."